कडुबाच्या घरचं पाणी

पाणी नको म्हणायची मला जुनी सवय. पहिल्यांदा म्हणालो तेव्हा ते धडधडीत खोटं होतं. आता खरं आहे, तर ते सांगायला तोंड राहिलं नाय. लांडगा आला रे आला, दुसरं काय!

मी साहेबराव पठाडे. नाव साहेबराव अन् नोकरी बाटल्या धुवायची. शहरातल्या एका ज्युनिअर कॉलेजात, रसायनशास्त्राच्या लॅबमध्ये एकतीस वर्षं परिचर होतो. आता रिटायर. पडेगावात दोन खोल्यांचं घर आहे. बायको लक्ष्मी तीन वर्षांपूर्वी गेली, पोरगा शिवम पुण्यात असतो. अन् दीड वर्षापूर्वी शुगरनं माझ्या दोन्ही किडन्या खाल्ल्या.

दवाखान्यात जाऊन मशीनवर रक्त धुतात ते वेगळं. माझं घरच्या घरी चालतं. पोटाला एक नळी कायमची बसवलीय. दिवसातनं चार वेळा त्या नळीतनं दोन लिटर साखरेचं पाणी पोटात सोडायचं, चार-पाच तास ठेवायचं अन् काढून टाकायचं. पोटाच्या आत पातळ पडदा असतो. साखरेचं पाणी त्या पडद्यातनं अंगातलं जादा पाणी अन् घाण स्वतःकडं ओढून घेतं. दोन लिटर घातलं अन् दोन लिटर चारशे बाहेर आलं, तर चारशे मिली पाणी अंगातनं गेलं. पिशवी स्प्रिंगच्या काट्याला लटकवून तोलायची अन् वहीत लिहायचं. पिशव्या तीन रंगांच्या येतात. पिवळी कमी साखरेची, हिरवी मधली अन् लाल सगळ्यात गोड. जेवढी साखर जास्त तेवढी ओढ जास्त.

लघवी जवळजवळ बंदच आहे. त्यामुळं पाणी, चहा, ताक, वरण सगळं धरून दिवसाला आठशे मिलीचीच मुभा होती. मे महिन्यात! तुम्ही एक दिवस करून बघा, मग माझ्याशी बोला. घरातला माठ मी शेजारच्या तनुजाला देऊन टाकला, कारण तो डोळ्यांसमोर असला की जीव राहत नव्हता. आता घरात पाण्याचं भांडं म्हणून शंभर मिलीचा एक प्लास्टिकचा कप आहे, औषधाचा.

पिशवी बदलताना दार-खिडक्या बंद करायच्या, पंखा बंद करायचा, तोंडाला मास्क लावायचा. हवेतनं जंतू गेला तर पोट सडतं. अर्धा तास जागचं हलता येत नाय. लक्ष्मी असती तर तेवढ्या वेळात तिनं माझं डोकं खाल्लं असतं. आता भिंतीवरच्या पालीशी बोलतो. ती निदान उलटून बोलत नाय. पण खरं सांगतो, लई एकटं वाटतं. दिवसातनं चार वेळा, अर्धा-अर्धा तास, घड्याळ लावून एकटं वाटतं.

त्यात गेल्या महिन्यात तपासणी झाली. दवाखान्यात सोनिया म्हणून नर्स आहे, तिनंच मला हे सगळं शिकवलं. पोरगी तोंडानं फटकळ, पण मनानं सोनं. माझी वही चाळून म्हणाली, "काका, पाणी रोज बरोब्बर आठशे? एकदाबी सातशे नाही की नऊशे नाही? मला येडं समजता का?"

मी वही परत घ्यायला हात पुढं केला, तिनं दिली नाय.

"तुम्ही चोरून पिता अन् मग लाल पिशवी लावून ते काढता. पडदा थकलाय तुमचा. आता लाल बंद अन् पाणी पाचशे. पडदा गेला तर पिशव्या संपल्या, आठवड्यातनं तीनदा मशीनवर यावं लागेल. कोण आणणार तुम्हाला?"

कोण आणणार, ते मला माहीत होतं. शिवम येणार, पडेगावच्या घराला कुलूप लावणार अन् मला पुण्याला आठव्या मजल्यावर नेऊन ठेवणार. सून चांगली आहे, तक्रार नाय. पण तिथं सकाळी सगळे आपापल्या कामाला गेले की मी अन् टीव्ही. इथं निदान रस्त्यावरनं जाताना कुणी 'काय मामा' म्हणतं. ते घर सोडायचं नव्हतं मला.

अन् अशात कडुबाचा फोन आला.

कडुबा दाभाडे माझ्याच लॅबमध्ये परिचर होता. सव्वीस वर्षं आम्ही एका मोरीवर बाटल्या धुतल्या. दरसाल बारावीला परासरण दाखवायचं असलं की आम्ही दोघं आदल्या दिवशी अंडी सौम्य आम्लात ठेवायचो. सकाळपर्यंत कवच विरघळायचं अन् वरचा पातळ पापुद्रा तेवढा राहायचा. मग एक अंडं साध्या पाण्यात ठेवायचं, एक साखरेच्या पाकात. साध्या पाण्यातलं टम्म फुगायचं, पाकातलं आक्रसून जायचं. सर इंग्रजीत समजावायचे. सर गेले की पोरं कडुबाला विचारायची, "मामा, नेमकं होतं काय?" कडुबा म्हणायचा, "पोराहो, पाणी गर्दीकडं पळतं. जिकडं साखरेची, मिठाची गर्दी जास्त, तिकडं पाणी." पोरांना सरांपेक्षा ते जास्त कळायचं.

सर आणखी एक वाक्य दरवर्षी बोलायचे. "द्रावणात कण कोणाचे आहेत हे पाणी विचारत नाही. साखरेचे असोत, मिठाचे असोत. किती आहेत, एवढंच विचारतं." ह्या वाक्याला कडुबा दाराशी उभा राहून माझ्याकडं बघायचा. दोन हजार सहाच्या आधी हसून बघायचा. नंतर नुसतंच बघायचा.

दोन हजार सहाला कडुबानं करमाडला घर बांधलं. घर बघायला म्हणून मला एकट्याला बोलावलं. लई हौसेनं सगळं दाखवलं, अगदी संडासाची फरशीसुद्धा. त्याची बायको मुक्ताबाई, मी वहिनी म्हणतो, पाण्याचा तांब्या-पेला घेऊन आली. कडुबा बौद्ध, मी मराठा. लॅबमध्ये आम्ही एका पुडीतला चिवडा खाल्लेला, पण घरातलं पाणी म्हटल्यावर माझा हात वर झालाच नाय. मी म्हणालो, "उपास आहे."

"उपासाला पाणी चालतं की," कडुबा म्हणाला.

"निर्जळी केलीय."

त्यानं भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघितलं, मग माझ्याकडं. वहिनींनी तांब्या आत नेला. आईला काय वाटेल, अशी मी मनाची समजूत घातली होती. पण आई तिथं नव्हती हो. आई गावाकडं बसली होती. तिथं मी होतो अन् माझा हात होता.

पुढचं तर आणखी वाईट. निघालो अन् करमाडच्या फाट्यावर रसवंतीत बसलो. बर्फ घालून उसाचा रस मागवला अन् पेला तोंडाला लावला, तर समोर कडुबा. त्यानं दिलेला पेढ्यांचा पुडा मी त्याच्याच घरी विसरलो होतो, तो द्यायला सायकलवर आला होता. त्यानं पुडा टेबलावर ठेवला अन् म्हणाला, "सुटली वाटतं निर्जळी." एवढंच बोलून गेला. त्यानंतर बारा वर्षं आम्ही सोबत काम केलं, थट्टामस्करी केली, पण घरी ये असं तो कधी म्हणाला नाय. मीबी माफी मागितली नाय. आज मागू, उद्या मागू करता करता रिटायर झालो.

म्हणून आजाराचं मी त्याला कळवलं नव्हतं. पाणी चालत नाय मला, हे वाक्य कुठल्या तोंडानं सांगायचं त्याला?

फोनवर म्हणाला, "सायबा, सुलेखाला डॉक्टरेट मिळाली. रसायनशास्त्रात."

सुलेखा त्याची पोरगी. शाळा सुटल्यावर लॅबमध्ये स्टुलावर बसून अभ्यास करायची, अंडी आम्लातनं काढायला आम्हाला मदत करायची. माझे डोळेच भरून आले.

"रविवारी दुपारी घरी ये. कुणी नाय, घरचेच आहोत." मग म्हणाला, "अन् हे बघ, कॅलेंडर बघून ठिवलंय मी. रविवारी कसलाच उपास नाय."

वीस वर्षांनी त्यानं ते बोलून दाखवलं. मी म्हणालो, "येतो."

फोन ठेवला अन् हिशोब सुरू केला. कडुबाच्या घरचं पाणी प्यायचं, हे नक्की. पाचशेतलं शंभर सकाळच्या गोळ्यांना लागतं. उरलेलं चारशे तसंच राखून ठेवायचं अन् करमाडला जाऊन प्यायचं. एवढं साधं गणित. सोनियाला विचारलं तर म्हणाली, "काका, वजन दोन किलोनी वाढलंय, पाय सुजलेत. ह्या उन्हात कुठं जाता? गप घरी बसा." तिचं बरोबरच होतं. पण घरी बसून मी कुणासाठी जगायचं होतं?

रविवारी अकराला पिशवी बदलली अन् निघालो. चारची पिशवी सोबत घेतली, टॉवेलमध्ये गुंडाळून. घेताना हात पिवळीवर गेला, मग लालवर. लाल घेतली. पडेगावहून स्टँड, स्टँडवरनं जालना रोडनं करमाड. बस म्हणजे भट्टी. शेंद्र्यापर्यंत जीभ टाळूला चिकटली. शेजारचा माणूस बाटली वर धरून घटाघटा पीत होता, अन् मी त्याच्या गळ्याची घाटी वरखाली होताना बघत होतो. त्याला वाटलं, बाटली मागतोय. "घ्या की बाबा," म्हणाला. मी मान फिरवली. फाट्यावर उतरलो तर रसवंती अजून तिथंच. घुंगरं वाजत होती. थांबलो नाय. छाती भरून आली होती, दोनशे पावलांना दोनदा उभा राहिलो, पण ते चारशे मी कडुबाच्या दारापर्यंत जसंच्या तसं नेलं.

"या, डॉक्टरीणबाईंचे काका आले!" कडुबा दारातच उभा होता. म्हातारा झाला होता, केस सगळे गेलेले. "काय रे, तोंड सुजलंय तुझं. झोपतो का नुसता?"

"झोपतो," मी म्हणालो.

आत बसलो. समोर बुद्धाची मूर्ती, शेजारी बाबासाहेबांचा फोटो, त्याला ताजा हार. बाजूच्या भिंतीवर कॅलेंडर, त्याच जागी. सुलेखा पाया पडली. तिच्या कानाजवळ दोन केस पांढरे दिसले. आणि वहिनी आल्या, तांब्या-पेला घेऊन.

वहिनींनी पेला भरला अन् पुढं केला. स्टीलचा उंच पेला, तीनशे मिली. एकतीस वर्षं मापं धुतलीत, मला नजरेनं कळतं. मी दोन्ही हातांनी घेतला अन् प्यालो. माठाचं पाणी होतं. काय सांगू तुम्हाला! डोळे मिटून प्यालो, शेवटच्या थेंबापर्यंत. डोळे उघडले तर कडुबा माझ्याकडं बघून हसत होता, आधीसारखं. मला वाटलं, मेलो तरी चालतंय आता.

"उन्हातनं आलात भाऊजी, आणखी घ्या," वहिनींनी पेला पुन्हा भरला.

"बास, वहिनी."

त्यांचा हात होता तिथंच थांबला. कडुबानं कॅलेंडरकडं बघितलं नाय, पण मान जराशी तिकडं वळली. ती मला दिसली. मी घाईनं पेला घेतला अन् तोही संपवला. मग सुलेखानं चहा आणला. मग खीर. प्रत्येक वेळी 'नको' ओठांवर यायचं अन् मी ते चहासोबत, खिरीसोबत गिळून टाकायचो. खिरीच्या वाटीनंतर मला धाप लागली. खोकला आला, थांबेना. पायाजवळची थैली लाथेनं कलंडली अन् टॉवेलमधनं लाल खुणेची पिशवी फरशीवर घसरली.

सुलेखानं ती उचलली. त्यावरचं बारीक अक्षर वाचलं. शिकलेली पोरगी, तिला दोन ओळी पुरल्या.

"काका, हे पोटात सोडायचं असतं ना? किडनीचं आहे?"

मी मान हलवली.

"मग पाणी किती चालतं तुम्हाला?"

"पाचशे."

"एका वेळी?"

"दिवसाचं."

तिनं टेबलावरच्या भांड्यांकडं बघितलं. दोन पेले, कप, वाटी. वहिनींनी तोंडाला पदर लावला. "आगं बया! मीच दिलं की हो आग्रह करकरून."

कडुबा उठून उभा राहिला. इतक्या वर्षांत मी त्याला चिडलेला बघितला नव्हता. "किती दिवस झाले?"

"दीड वर्ष."

"दीड वर्ष. अन् मला फोन नाय."

"कडुबा, तुला वाटलं असतं, हा पुन्हा..."

"मला काय वाटलं असतं ते तू परस्पर ठरवलंस व्हय?" त्यानं टेबलावरचा पेला बाजूला सारला. "त्या वेळी पाणी पेला नाहीस अन् खोटं बोललास. आज पाणी पेलास, तरी खोटंच बोललास. वीस वर्षांत मला एकदा तरी खरं सांगितलंस का रे, सायबा?"

वहिनींसमोर, पोरीसमोर रडू आलं. लाज वाटली, तरी रडलो. "चुकलो," म्हणालो, "त्या दिवशी चुकलो. तेवढं सांगायचं होतं, पण ते सांगण्यापेक्षा पाणी पिणं सोपं वाटलं."

कडुबा बाहेर जाऊन लिंबाखाली उभा राहिला, पाठमोरा. घड्याळात चार वाजले होते. पिशवी लावायचीच होती अन् त्याला खिळा लागतो, डोक्याच्या वर. मी दारात जाऊन म्हणालो, "कडुबा, एक खिळा पाहिजे. अन् बंद खोली."

तो तसाच आत आला. कॅलेंडर काढून खाटेवर फेकलं अन् म्हणाला, "हा घे खिळा."

वहिनींनी अन् सुलेखानं खोली पुसून दिली अन् त्या बाहेर गेल्या. कडुबा मात्र गेला नाय. तोंडाला रुमाल बांधून त्यानं साबणानं कोपरापर्यंत हात धुतले, लॅबमध्ये धुवायचो तसे. पंखा बंद केला, दार लावलं. मी शर्ट वर केला अन् नळीचं टोक मोकळं केलं. लक्ष्मी गेल्यापासून दवाखान्याबाहेरच्या कुणी माझं पोट बघितलं नव्हतं. त्यानं डोळे फिरवले नाहीत. लाल पिशवी खिळ्याला अडकवून दिली अन् रिकामी खाली ठेवली. पोटातलं जुनं पाणी खालच्या पिशवीत यायला लागलं. दोघं घामानं निथळत होतो.

खालच्या पिशवीकडं बघत तो म्हणाला, "म्हणजे अंड्याचंच हाय हे."

"अंड्याचंच."

"अन् हे आता पेलास ते कधी निघणार?"

"हे लाल आत गेलं की चार तास ओढत राहतं. आठ वाजता, घरी."

"म्हणजे आमचं पाणी पडेगावला नेऊन सोडणार तू." त्यानं रुमालाआडून नाक ओढलं. "राहू दिलं नाहीसच पोटात."

मला हसू आलं. हसताना पोट हललं, नळी ओढली गेली, दुखलं. तो ओरडला, "हलू नको येड्या!"

फाट्यापर्यंत त्यानं मला मोटरसायकलवर सोडलं. गाडी चालवता चालवता शेजारचा सम्यक कुठं नोकरीला लागला, गावात पाण्याची टाकी कधी होणार, असलंच बोलत होता. बस आली. मी पायरीवर पाय ठेवला तेव्हा तो म्हणाला, "पुढच्या रविवारी ये. चारच्या पिशवीला. कुणी पाणी इचारणार नाय तुला. मुक्ताला सांगून ठिवतो."

त्या घरात कधी काळी मी पाणी नाकारलं होतं. आता ते घर मला पाणी विचारणार नव्हतं, माझ्यासाठी. बसमध्ये पूर्ण रस्ता मी खिडकीकडं तोंड करून बसलो.

आठ वाजता घरी पिशवी लावली. दार बंद, पंखा बंद. पाल होती. उतरलेली पिशवी काट्याला अडकवली, दोन किलो नऊशे. लालनं काम केलं होतं. पडद्याला काय लागलं असेल ते सोनिया महिन्याच्या तपासणीला सांगेल. वही उघडली अन् दीड वर्षात पहिल्यांदा खरं लिहिलं. सकाळी शंभर. दुपारी दोन पेले सहाशे, चहा शंभर, खीर दीडशे.

दर रविवारी नऊला शिवमचा फोन येतो. आला. त्याचे प्रश्न ठरलेले असतात.

"पप्पा, बीपी?"

सांगितलं.

"वजन?"

सांगितलं.

"पाणी किती झालं आज?"

"साडेनऊशे," मी म्हणालो.

तो एकदम चिडला. "साडेनऊशे? पप्पा, डॉक्टरांनी पाचशे सांगितलंय! तुम्हाला पुण्याला यायचंय का कायमचं? मी इथनं किती लक्ष ठेवू?" बरंच बोलला. काळजीपोटीच बोलला, मला कळतं. मी हूं हूं करत राहिलो.

एवढं पाणी मी कुणाच्या घरी प्यालो, ते तो विचारेल म्हणून फोन बराच वेळ कानाला धरून ठेवला. त्यानं विचारलं नाय. विचारलं असतं तर सांगणार होतो.